प्रेम नगरात समुद्र मुरतोय

गजाननकाका आगाशे घरात दारू गाळतात, ही बातमी झाशीच्या प्रेम नगरात सकाळी दूधवाल्याने आणली आणि दुपारी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी पोहोचेपर्यंत तिला चांगलीच चव आली होती. कोणी म्हणे मोहाची, कोणी म्हणे गुळाची. एकाने तर ती चाखलेलीसुद्धा होती. पुरावेही भक्कम होते. काकांनी ओरछा गेटजवळच्या पंसाऱ्याकडून पुडी भरून नवसागर आणला होता, आणि नवसागर, ज्याला इथे नौसादर म्हणतात, तो मागणारी माणसं दोनच: कल्हईवाला आणि भट्टीवाला. कल्हईवाला आता औषधालाही मिळत नाही. शिवाय काकांच्या बैठकीच्या खोलीत दिवसभर काहीतरी बुडबुडत होतं, खिडकीवरून गेलं की दमट, खारट वास यायचा, आणि दारात उभ्या राहणाऱ्याला काका पहिला प्रश्न विचारायचे, "हात धुतले का?"

खरं सांगायचं तर ही सगळी लोकांची उदारबुद्धी होती. दारू गाळायला थोडी हिंमत लागते, चार मित्र लागतात, जिभेला चव लागते. काकांकडे यातलं काही नाही. ते फक्त समुद्र तयार करत होते.

काका एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क आहेत आणि घरातही तेच आहेत. ते दिसतात कसे हे महत्त्वाचं नाही. उभी केलेली छत्री डोळ्यांपुढे आणली की झालं. ते ऐकायला हवेत. आधी घसा खाकरणार: ख्रँ, ख्रँ, ख्रँ, थंडीतली जुनी स्कूटर किक मारूनही सुरू होत नाही तसा. मग "तत्त्वतः." हा शब्द ते असा टेकवतात की जणू कागदावर शिक्का. आणि शेवटी "समजलं का?", ज्याच्या उत्तराची वाट त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. हिंदीतही सुटका नाही. रिक्षावाल्याला सांगतात, "तत्त्वतः देखा जाए तो भैया, बायें मुड़ना है." रिक्षावाला सरळ जातो. मध्ये भिंत एकच असल्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना हे सगळं रेडिओसारखं ऐकू येतं, आणि रेडिओला निदान बटण असतं.

समुद्राचं खूळ जुनं होतं. "आम्ही मूळचे कोकणातले," हे काका लग्नात, मयतीत आणि विजेचं बिल भरायच्या रांगेत सांगतात. कोकणातून त्यांचे कोणी पूर्वज पेशवाईत झाशीला कारकुनी करायला आले. त्यानंतर आगाशांच्या आठ-नऊ पिढ्यांचा समुद्राशी जो काही संबंध आला तो लोणच्यातल्या मिठापुरता. स्वतः काकांनी समुद्र एकदाच पाहिला, द्वारकेला, तोही घोट्यापर्यंत आणि चपला हातात धरून. पण बोलणं असं की काल रात्रीच गलबत बंदराला लावून आले.

गणपतीत मराठी मंडळात त्यांना शिल्पा भेटली. शिल्पाचा नवरा नीरज फौजेत, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत. त्याआधी ते अंदमानात होते, तिथे तिला खाऱ्या पाण्यातल्या माशांचा नाद लागला. आता नीरजची बदली लेहकडे झाली होती आणि तिच्याकडच्या माशांच्या जोडीला तिकडे नेणं शक्य नव्हतं. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, तोंडावर कायम किंचित रुसलेला भाव.

"विकायचे नाहीयेत मला," ती म्हणाली. "ग्वाल्हेरचा दुकानदार मागे लागलाय, पण कोणाच्या घरी गेले तर बरं. दिवाळी झाली की आमचा ट्रक निघणार. तोपर्यंत ज्याची टाकी तयार असेल त्याला देईन."

"ख्रँ. समजा, दिलेच," काका म्हणाले. टाकी अजून घेतलेलीही नव्हती.

"तयार म्हणजे नुसती भरलेली नाही हं काका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मी स्वतः येऊन तपासणार."

"तत्त्वतः, तपासणी माझा व्यवसाय आहे."

त्यानंतर काका मासे बघायला म्हणून एकदा बबीन्याला जाऊन आले. तिथे काय झालं ते शिल्पानेच मंडळात सांगितलं. काका काचेला नाक लावून उभे राहिले, आतून त्या दोघांतली मोठी मादी येऊन त्यांच्या नाकासमोर थांबली, आणि बराच वेळ दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. काका एक अक्षर बोलले नाहीत. घसासुद्धा खाकरला नाही. झाशीच्या मराठी समाजाच्या आठवणीत हे असं पहिल्यांदाच घडलं.

परत आले ते गावभर सांगत. ऑफिसात, मंडळात, भाजीवाल्याला: दिवाळीनंतर आगाशांच्या घरी समुद्र. आता ती जोडी आली नाही तर निवृत्तीपर्यंत लोक त्यांना पाण्याचा भाव विचारणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टाकी आली. जिथे अनुसूयाकाकूंचं शिवणयंत्र होतं तिथे आली, आणि शिवणयंत्र न्हाणीच्या दाराशी गेलं. समुद्री मिठाचं पोतं पार्सलने आलं, शुद्ध पाण्याचे जार आले, पांढरी वाळू आली, पांढरे सच्छिद्र दगड आले. सगळं भरून, दिवा लावून काका समोर खुर्ची टाकून बसले. आत मासा नव्हता, शंख नव्हता, साधं गवतही नव्हतं. शेजारचे रिछारिया जी, निवृत्त कंपाउंडर, हात मागे बांधून टाकीभोवती फिरले.

"मछरिया कहाँ है?"

"नहीं है."

"मर गईं?"

"आनी हैं," काका म्हणाले आणि स्कूटर सुरू झाली. ख्रँ, ख्रँ. "तत्त्वतः देखा जाए तो, मछली जो गंदगी करती है उससे अमोनिया बनता है. अमोनिया माने ज़हर. एक जात के बॅक्टेरिया उसको खाते हैं, तो नायट्राइट बनता है. वो भी ज़हर. दूसरी जात के बॅक्टेरिया वो खाते हैं, तो नायट्रेट. वो चल जाता है. ये दोनों जात जब तक पत्थर में, रेत में बसती नहीं, तब तक मछली डाली तो अपनी ही गंदगी में मरेगी. महीना-डेढ़ महीना लगता है. तब तक बॅक्टेरिया को मैं नौसादर खिलाता हूँ, उसमें अमोनिया है. नवसागर से नया सागर! समझे?"

हा विनोद त्यांनी त्या महिन्यात येईल त्याला ऐकवला. हसले ते फक्त स्वतः, दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे.

"मतलब मछरिया से पहले कीड़ा पाल रए हो," रिछारिया जी म्हणाले.

"कीटाणु."

"हओ, एकई बात."

या प्रकाराला इंग्रजीत टाकीचं सायकल म्हणतात. काकांनी तोही शब्द आठवडाभर वापरून पाहिला. "घर में सायकल चल रहा है," म्हटलं की समोरचा विचारायचा, "गियर वाली है?" मग त्यांनी सायकल सोडली आणि घरचा शब्द काढला. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तशी टाकी मुरतेय. "अजून मुरायची आहे," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंगाच्या कागदाशी लावून बघायचे. हिरवं आलं की अमोनिया आहे, पिवळं आलं की संपला. नायट्राइटचा रंग जांभळा. पहिले कितीतरी दिवस हिरवंगार. मग हिरवं ओसरलं आणि जांभळं चढलं. काका नळी हातात धरून सकाळच्या उन्हात गेटपाशी उभे राहायचे, जणू नातवाला पहिलं दूध पाजताहेत.

"अहो, शेजारी बघताहेत," काकू आतून म्हणायच्या.

"बघू देत. मुरतंय!"

"तुमचं डोकं मुरलं असतं तर बरं झालं असतं. माझं मशीन न्हाणीत ओलं होतंय."

त्यांचा मुलगा मुकुल बँकेत आहे. सव्वीस वर्षांचा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. मराठी त्याला सगळी कळते असा त्याचा समज आहे. बोलतो ती अशी: "मी बोलला होता ना आई, मेरे को भूख नाही आहे." त्याच्या मराठीत 'मरणे' होतं, 'मुरणे' नव्हतं. मुरण्यासाठी जे लागतं ते, म्हणजे लोणच्याची बरणी, त्याने कधी उघडलीच नव्हती. ताटात आलेलं तो खायचा. त्यामुळे महिनाभर त्याला वाटत होतं की बाबांची टाकी हळूहळू मरतेय आणि बाबा ते छाती फुगवून गावाला सांगताहेत. बाबांचं एकूण वागणं बघता त्याला यात काही वावगंही वाटलं नाही.

दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली. जांभळं फिकं होऊ लागलं. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर धरला होता, नव्या टाकीत धरतो तसा. आणखी थोडेच दिवस, की टाकी तयार. नेमकं तेव्हाच काकांना ऑफिसच्या कामासाठी मऊरानीपूरला जावं लागलं. काकू त्याच दिवशी ओरछा गेटला भावाकडे गेलेल्या. काकांनी बसस्टँडवरून मुकुलला फोन लावला. पलीकडे कंडक्टर ओरडत होता.

"मुरतेय ना?"

"काय?"

"टाकी! मुरतेय ना? अजून मुरायची आहे, म्हटलं. मुरू दे! समजलं का?" आणि फोन कट.

मुकुल टाकीसमोर जाऊन उभा राहिला. तपकिरी थर, वास, एकही जिवंत वस्तू नाही. त्याला पहिल्यांदा वडिलांची दया आली. कानातलं काढून तो रिछारिया जींकडे गेला.

"अंकल, पापा कह रहे हैं टंकी मर रही है. कह रहे हैं अभी और मरेगी. मरने दो."

"मरने दो?" रिछारिया जी चपला शोधू लागले. "ऐसे कैसे मरने दें! पढ़े-लिखे आदमी के लच्छन हैं ये?"

दोघांनी पाहिलं. रिछारिया जींनी बोट बुडवून वास घेतला आणि कंपाउंडरचा निकाल दिला, "पानी तो मर गओ." मग दोघं बाह्या सारून कामाला लागले. सगळं पाणी काढलं. वाळू नळाखाली धुतली. दगडांना ब्लीचिंग पावडर लावून, अंगणात ब्रशने घासून, पांढरे शुभ्र करून उन्हात वाळत घातले. टाकी आतून साबणाने पुसली आणि पाचसहा वेळा खळखळून काढली. भिंतीच्या या बाजूने ऐकलं तर लग्नघरची भांडी घासताहेत असं वाटावं. मग पोत्यातलं मीठ घालून नवं पाणी भरलं.

काका दुसऱ्या दिवशी आले. मुकुल दारातच उभा होता, चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्याचा भाव.

"बाबा, बचा ली."

आत टाकी झगमगत होती, शोरूममध्ये ठेवल्यासारखी. काकांनी पिशवी खाली ठेवली. बराच वेळ घसा खाकरायचा आवाज आला, पण पुढे शब्द येईना. ख्रँ. ख्रँ. ख्रँ.

"मुकुल," शेवटी ते म्हणाले, "मुरणे म्हणजे काय?"

"मतलब... मरना. थोडा स्लो."

भिंतीपलीकडून यापुढचं वर्णन करता येत नाही, कारण पुढचा अर्धा तास सगळेच एकदम बोलत होते. काकू, ज्या मागून आल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "पोराला लोणच्याची बरणी दाखवली नाही कधी, आता भोगा." रिछारिया जी भिंतीवरून म्हणत होते, "भैया, भलाई का ज़माना नहीं रओ." महिनाभर नवसागर खाऊन गोळा झालेली ती सगळी प्रजा ब्लीचिंगमध्ये खलास झाली होती. काकांनी नवसागराची चिमूट टाकून दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं. हिरवंगार. तिसऱ्या दिवशी तेवढंच हिरवं. महिनाभरापूर्वी जिथे होते तिथेच, आणि ट्रकला जेमतेम आठवडा उरलेला.

शिल्पा तपासायला आली ती दिवाळीच्या फराळाच्याच वेळी. तिने नळी बघितली, मुकुलकडे बघितलं, आणि हसू आवरत म्हणाली, "काही बिघडलं नाही काका. माझी टाकी मोडणारच आहे. माझे दगड आणि फिल्टरचा स्पंज घेऊन या. त्यांच्यावर सगळे बॅक्टेरिया बसलेत. माझ्याच पाण्यात बुडवून आणायचे, कोरडे होऊ द्यायचे नाहीत. लगेच टाकी तयार होईल."

झाशीतला कोणीही शहाणा माणूस इथे हो म्हणाला असता. काका ताठ झाले.

"म्हणजे तुझ्या टाकीतले वापरलेले?"

"हो, म्हणूनच तर."

"माशांनी चार वर्षं ज्यांच्यावर खाल्लं-प्यालं, ते?"

"काका, दगड आहेत ते."

"उष्टे दगड," काका म्हणाले. "आगाशांच्या घरात उष्टं काही आलेलं नाही. तत्त्वतः, मी स्वतः मुरवीन."

"आठवड्यात?"

"समजलं का?"

शिल्पाने चकली संपवली आणि निघाली. गेटपाशी काकूंना म्हणाली, "ग्वाल्हेरवाल्याला फोन करते मग." दगडांनासुद्धा उष्टं-खरकटं लागतं हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

आता एवढं ऐकल्यावर कोणाला राहवेल? मी गच्चीवर गेले आणि "उष्टेऽ दगड! ख्रँ! तत्त्वतः, हा दगड आधी कोणी चाटला होता?" असं काकांच्या आवाजात घसा फोडून केलं. खालून रिछारिया जी खो-खो हसले. काका अंगणात आले.

"ज्ञानदा! खाली ये."

गेले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते उभे होते, हातात हिरवी नळी.

"तुला काय वाटतं, ते मासे येणार नाहीत?"

"नाहीच येणार," मी म्हटलं. "तुम्ही मान खाली घालून बबीन्याला जाणार, दगड मागणार? तुम्ही? पैज."

"ख्रँ. मासे आले आणि जगले, तर माझा आवाज काढायचा नाही. वर्षभर. गच्चीवर नाही, मंडळात नाही."

"आणि नाही आले तर मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून माझी नक्कल पूर्ण ऐकायची. उठून जायचं नाही. टाळ्या वाजवायच्या."

"ठीक," काका म्हणाले. मी मनातल्या मनात कार्यक्रमाची तयारीही सुरू केली. हेडक्लार्कची मान वाकलेली मी या जन्मात पाहिली नव्हती आणि वाकेल तर कडकन मोडेल अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी काका सकाळी मुकुलला घेऊन निघाले. सोबत झाकणाचे दोन नवे प्लास्टिकचे डबे. त्या प्रवासाबद्दल मुकुलने सांगितलं ते असं: बाबा पूर्ण रस्ता स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. शिल्पाच्या दारात पोहोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. तिने दार उघडलं. आतून टाकीतली ती मोठी मादी काचेपाशी आली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग शिल्पाकडे.

"मुली," ते म्हणाले, "थोडं विरजण देशील का?"

शिल्पाने विचारलं, "काय?"

"विरजण. दही लावायला शेजारणीकडून आणतात ते. त्याला कोणी उष्टं म्हणत नाही. रात्रभर विचार केला मी. तत्त्वतः, हे दगड म्हणजे विरजण आहे."

म्हणजे मान वाकली नाहीच. नवा शब्द शोधून त्यांनी दारच उंच करून घेतलं. असली माणसं मेल्यावरसुद्धा यमाला व्याख्या समजावतील. पण दगड घेतले, स्वतःच्या हाताने, तिच्याच पाण्यात बुडवून. परतीच्या टेंपोत शेजारी बसलेल्या बाईने डब्याकडे बघून विचारलं, "का है भैया?" काकांनी विरजणाचं हिंदी केलं, "जामन." बाई डब्यांकडे बघत राहिली. "इत्तो जामन? कौन के ब्याह में जा रए?"

टाकीतले पांढरे शुभ्र, मेलेले दगड बाहेर काढून ते तपकिरी, ओबडधोबड, वास येणारे दगड आत गेले. काकांनी चिमूटभर नवसागर टाकला. दुसऱ्या दिवशी नळी पिवळी. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा पिवळी, आणि जांभळ्याचा मागमूस नाही. मी भिंतीवरून डोकावत होते आणि माझ्या कार्यक्रमाची पहिली रांग हळूहळू रिकामी होताना दिसत होती.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी शिल्पा स्वतः मासे घेऊन आली. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, मग सोडलं. मोठी मादी सरळ एका ओळखीच्या दगडाच्या खोबणीत शिरली, धाकटा तिच्या मागोमाग. शिल्पा डोळे पुसत होती. काका काचेला नाक लावून उभे होते. रिछारिया जी म्हणाले, "लो, अब आई मछरिया," आणि मुकुल म्हणाला, "बाबा, ये मुरेंगे तो नहीं?" तेव्हा मात्र काकांनी त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली.

मी वाट पाहिली. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. मासे उलटे झाले नाहीत. खातात, भांडतात, सकाळी काचेपाशी येऊन काकांच्या नाकाकडे रोखून बघतात. काकूंचं शिवणयंत्र अजून न्हाणीच्या दाराशीच आहे. आणि मंडळाचे लोक समुद्र बघायला येतात तेव्हा काका तो विरजणाचा शोध सांगतात, जसा काही तो आधी कोणाला माहीतच नव्हता. शिल्पाने तो एका वाक्यात फुकट देऊ केला होता, हे सांगत नाहीत.

पैज मी हरले. वर्षभर त्यांचा आवाज काढायचा नाही, ना गच्चीवर, ना मंडळात, आणि मी शब्दाची पक्की आहे. लिहून काढण्याबद्दल मात्र आमचं काही ठरलं नव्हतं.